जुनं शिलाई मशीन घ्यायचंय? मग आधी मशीन बघायला जाऊ नका

इंदुरात रामबागेतल्या आमच्या घराच्या गॅलरीत बिडाचे नक्षीदार पाय असलेलं एक देखणं मशीन आहे आणि त्यावर मनीप्लांटची कुंडी आहे. ते मी कुंडी ठेवायला घेतलं नव्हतं. सात वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका काकूंचं घर रिकामं होत होतं, तिथे ते दिसलं. जर्मन नाव, सोनेरी वेलबुट्टी, चाक लोण्यासारखं फिरणारं. तिथल्या तिथे पैसे मोजून मोकळी झाले. घरी आणल्यावर कळलं की त्याला आजची सुई बसत नाही, शटल (सुईच्या दोऱ्यात खालचा दोरा गुंफणारा भाग) होडीच्या आकाराचं आहे आणि त्या होडीत बसणारी लांबट काडीसारखी बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची फिरकी, एकच उरली आहे, तीही वाकलेली. राजवाड्यामागच्या गल्लीत बसणाऱ्या आमच्या मिस्त्रींनी ती काडी उजेडात धरून बघितली आणि परत माझ्या हातात ठेवली. "दीदी, अब इसपे फूल चढाओ."

तेव्हापासून कोणीही विचारलं, "अगं, जुनं मशीन मिळतंय, घेऊ का?" की मी त्यांना आधी सुट्या भागांच्या दुकानात पाठवते. मशीन नंतर. जुन्या मशीनचं लोखंड शंभर वर्षं टिकतं, पण सुई महिन्यात मोडते, बॉबिन हरवते, रबराची रिंग झिजते. या चार-दोन रुपयांच्या वस्तू गावात मिळत असतील तर मशीन जिवंत. मिळत नसतील तर त्याची गॅलरीतली जागा मी सांगितलीच.

पण त्याहीआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: शिवणार काय? जुनी काळी मशीनं बहुतेक एकच काम करतात, सरळ टीप. ते काम मात्र ती अशी करतात की आजचं हलकं प्लास्टिकचं मशीन लाजेल. ब्लाऊज, परकर, उशांचे अभ्रे, पडदे, शिवलेली नऊवारी, जुन्या लुगड्यांची गोधडी, जीन्सचा पाय आखूड करणं, हे सगळं सरळ टिपेचं काम आहे. पिको, काज आणि ताणणाऱ्या टी-शर्टच्या कापडाला लागणारी झिगझॅग शिलाई त्यांच्याकडून होत नाही. साडीचा पिको आपण तसाही बाहेरूनच करून आणतो, त्यामुळे मला कधी अडलं नाही. पण तुमच्या डोक्यात लहान मुलांचे होजियरीचे कपडे असतील तर इथेच थांबा आणि नवं झिगझॅग मशीन घ्या.

आता दुकान. एक वाक्य पाठ करून जा: "पंधरा नंबरची बॉबिन केस आणि साधी चपट्या दांडीची सुई द्या." सिंगरच्या १५ क्रमांकाच्या घडणीची नक्कल जगभर झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने केली, आपल्याकडे कोलकात्याच्या जय इंजिनीअरिंगच्या उषाने केली, लुधियानाच्या कारखान्यांनी तर घाऊक केली. म्हणून आजही त्या घडणीची बॉबिन, ती बसवायची डबी म्हणजे बॉबिन केस, शटल, कापड सरकवणारे दात, टेन्शनच्या (दोऱ्याच्या ताणाच्या) चकत्या, सगळं सुटं मिळतं. ओळखायची खूण सोपी आहे. टेन्शनची चकती मशीनच्या डाव्या टोकाच्या पत्र्यावर असते आणि बॉबिन केस डाव्या बाजूने, सुईखाली हात घालून बसवावी लागते.

बॉबिन वरून, सरकत्या पत्र्याखाली बसत असेल तर ती बहुधा ६६ च्या जातीची: सिंगरची ६६, तिची धाकटी बहीण ९९ किंवा २०१. मशीन म्हणून यांत काही कमी नाही. २०१ तर शिवणाऱ्यांमध्ये फार वाखाणली जाते. तिची बॉबिन मात्र वेगळी. दुकानदाराने ती काढून काउंटरवर ठेवली तरच पुढे जा. "मंगवा देंगे" हे उत्तर मी नकारात धरते. तिसरी जात होडीच्या शटलची, सिंगरची २७, २८, १२७, १२८. यांना सुई आजचीच चालते, पण शटल आणि लांबट बॉबिन मशीनबरोबर मिळत असेल तरच विचार करा, आणि निदान तीन-चार बॉबिन असू द्या. ज्याला आजची सुईच बसत नाही त्याच्याकडे फक्त बघा.

दुकानातून निघताना १४ आणि १६ नंबरच्या दोन-दोन सुया, एक बॉबिन आणि दोन रंगांची रिळं घ्या. घरून टॉर्च, छोटा पेचकस, कापूस, रेघांच्या वहीचा एक कागद आणि कापडाचे तुकडे घ्या. तुकडे तुम्ही खरंच जे शिवणार त्याचेच. माझ्या पिशवीत महेश्वरीच्या ब्लाऊजपीसची एक पट्टी, मलमल आणि जुन्या जीन्सचा पाय असतो. विकणाऱ्याकडची चिंधी नेहमी मधल्या जाडीच्या, कडक खळीच्या सुती कापडाची असते. त्यावर कुठलंही मशीन चांगलंच शिवतं.

विकणारा पहिल्यांदा नाव आणि वय सांगेल. "ओरिजिनल विलायती है, सौ साल पुरानी." नंबर बघा. सिंगरवर तो उजवीकडे, खांबाजवळ, मशीनच्या सपाट तळावर म्हणजे पाटावर कोरलेला असतो. नुसते आकडे असतील तर मशीन १९०० च्या आधीचं. पुढे एक अक्षर असेल तर त्यानंतरचं. उदाहरणार्थ 'वाय' म्हणजे १९२२ ते १९३५ या काळातलं, स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचं. 'ई' ने सुरू होणारी दोन अक्षरं असतील तर तेही क्लाइडबँकचंच, पण १९३० च्या दशकाच्या मध्यानंतरचं. '१५-के' अशा मॉडेलच्या नावातला 'के' हा याच कारखान्याचा, किलबोवीचा. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव अजून 'सिंगर' आहे. १९५१ च्या मशीनांवर निळ्या कडेचा बिल्ला असतो, '१८५१–१९५१' असं लिहिलेला, कंपनीच्या शताब्दीचा. तो बिल्ला बघून आमच्या एका शेजाऱ्यांनी आपलं मशीन १८५१ चं म्हणून सांगायला सुरुवात केली होती. मेरिट नावाचं मशीन सिंगरनेच भारतात विकलेलं, नाव आयझॅक मेरिट सिंगर यांच्यावरून. ते विलायती नव्हे, पण वापरायला उत्तम.

खरं सांगायचं तर वयाने भाव ठरत नाही. ही मशीनं इतकी बनली की नुसत्या जुनेपणाला मोल नाही. कोणी 'लाल पारा' (म्हणे कुठलासा अनमोल पदार्थ) वगैरे बोलायला लागलं तर चहा संपवून उठा. २००९ मध्ये सौदी अरेबियात अशीच अफवा उठली होती की सिंगरच्या सुईत लाल पारा असतो. मोबाइल सुईजवळ नेला की रेंज जाते, ही म्हणे त्याची परीक्षा. काही दिवस तिथे जुन्या मशीनांचे भाव वेड्यासारखे चढले. सुईत असतं ते पोलाद.

आता मशीनला हात लावा. सगळ्यात आधी दोरा काढून टाका, दाबपट्टी (कापड दाबून धरणारी पट्टी) वर करा आणि चाक हाताने आपल्याकडे फिरवा. हळूहळू, पूर्ण दहा फेरे. इथे घाई करू नका, कारण निम्मं मशीन इथेच कळतं.

चाक सगळीकडे सारखंच जड लागत असेल तर तेल वाळलंय. हा रोग बरा होणारा आहे. आपल्याकडे घराघरांत मशीनला खोबरेल घालायची खोड होती, आमच्या आत्याची तर होतीच. खोबरेल वर्षभरात गोंद होतं. तेलाच्या भोकाला नाक लावलंत तर खवट वास येतो आणि बोट फिरवलंत तर पिवळट चिकट थर लागतो. असं मशीन बघून बाकीची गिऱ्हाइकं पळतात, त्यामुळे भाव पडतो आणि तुमचा फायदा होतो. चाक पूर्ण अडकलेलं असलं तरी मी लगेच नाही म्हणत नाही. पण एकाच जागी, प्रत्येक फेऱ्यात त्याच ठिकाणी कटकन अडत असेल तर सावध व्हा. कधी शटलच्या खोबणीत दोऱ्याचं टोक अडकलेलं असतं, चिमट्याने निघतं. कधी आत काहीतरी वाकलेलं असतं. टॉर्च मारून दोऱ्याचा तुकडा दिसला तर बरं, नाहीतर ते सोडा.

चाक फिरतंय पण सुई हलत नाही, असं झालं तर घाबरू नका. चाकाच्या मधला मोठा पेच सैल असेल, बॉबिन भरताना तो सैल करतात. तो घट्ट करूनही हललं नाही तर त्याखालची तीन कानांची चकती कोणीतरी उलटी बसवलेली असते. पाच मिनिटांचं काम. एकदा याच कारणासाठी 'खराब' म्हणून विकायला काढलेलं मशीन मी निम्म्या भावात मैत्रिणीला मिळवून दिलंय.

मग चाक दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा, सुईची दांडी चिमटीत धरून हलवा. किंचित हलणं चालतं. 'खटक' असा आवाज आला तर आतली भोकं झिजलीत. मशीन मागे कलंडवून खालून बघा. लिंटचा, म्हणजे कापडाच्या तंतूंचा, लोकरीसारखा गठ्ठा असणारच, त्याचं काही नाही. खाली वरवरचा गंजही चालतो. पण शटल ज्या चकचकीत खोबणीत फिरतं तिथे गंजाचे खड्डे असतील तर प्रत्येक टाक्याला दोरा घासणार. कापूस तिथे आणि सुईच्या पत्र्याच्या भोकावर फिरवा. कापसाचे तंतू अडकले तर तिथे ओरखडा आहे. पत्रा बदलता येतो, खोबण बदलायची तर खर्च आहे.

पाटाला, विशेषतः मागच्या बिजागरीच्या भोकांजवळ, केसासारखी भेग आहे का ते नीट बघा. बीड जोडलं जात नाही, असं मिस्त्री सांगतात. जोडून देणारेही भेटतील, पण मी तिकडे जात नाही. आणि मशीन नव्याने रंगवलेलं, नवे चकचकीत सोनेरी स्टिकर लावलेलं असेल तर रंगाखाली काय आहे ते विचारा. जुन्या वेलबुट्टीवर हळदीकुंकवाचे डाग दिसले तर मला उलट बरं वाटतं. खंडेनवमीला झेंडू आणि हळदकुंकू वाहिलेलं मशीन म्हणजे घरात वापरात होतं, वर्षातून एकदा तरी पुसलं गेलं होतं.

विकणाऱ्याची सुई काढून तुमची नवी सुई लावा. तो म्हणेल, "यही चलती है." तरी लावा. चपटी बाजू कुठे करायची याचा नियम सोपा आहे: दोरा शेवटच्या ज्या कडीतून येतो त्या बाजूने सुईत ओवायचा, सुईची लांब खाच त्याच बाजूला आणि चपटी बाजू बरोबर उलटीकडे. १५ च्या घडणीत चपटी बाजू डावीकडे आणि ओवायचं उजवीकडून. 'टाका सोडते' म्हणून बदनाम झालेल्या निम्म्या मशीनांची सुई उलटी असते, असा माझा अनुभव.

पहिली टीप दोऱ्याशिवाय मारा, वहीच्या कागदावर, रेघेवरून. कागद उजेडात धरा. भोकं सारख्या अंतरावर आणि रेघेवर आली तर दात कापड नीट सरकवतायत. दोन भोकं जवळ आणि तिसरं लांब असं दिसलं तर दात झिजलेत किंवा दाबपट्टीचा दाब कमी आहे. दातांवर नख फिरवा, करवतीसारखं बोचलं पाहिजे.

मग दोरा ओवा. वर काळा, बॉबिनमध्ये पांढरा. ओवताना दाबपट्टी वर हवी, म्हणजे टेन्शनच्या चकत्या उघड्या राहतात आणि दोरा मध्ये बसतो. पट्टी खाली ठेवून ओवलं की कापडाखाली दोऱ्याचं जाळं होतं आणि बिचाऱ्या बॉबिन केसला शिव्या बसतात. दोरा चकत्यांजवळच्या तारेच्या छोट्या स्प्रिंगमधूनही गेलाय ना, ती स्प्रिंग शाबूत आहे ना, बघा. मलमलच्या दोन पदरांवर वीतभर टीप मारा आणि उलटून बघा. दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या पोटात लपली पाहिजे. वर पांढरे ठिपके दिसले तर वरचा ताण जास्त, खाली काळे ठिपके दिसले तर कमी. एक-दोनदा चकती फिरवून जमलं तर झालं. जमतच नसेल तर चकत्यांमध्ये गंज किंवा दोऱ्याची चिंधी असते, तेही साफ होतं. मग महेश्वरीची पट्टी, तिथे कापड सुईखाली गोळा होतं का बघा. शेवटी जीन्सचे चार पदर, हाताने चाक फिरवत. चारही पदरांतून एकही टाका न सोडता गेलं तर मशीनची तब्येत ठणठणीत आहे. नव्या सुईनेही सगळ्या कापडांवर टाके सुटत असतील तर सुई आणि शटलचा मेळ बिघडलाय. शटलचं टोक सुई वर निघता निघता सुईच्या भोकाच्या किंचित वर यायला हवं. तो मेळ मिस्त्री लावून देतात, पण त्याची मजुरी भावातून कापून घ्या.

उलटी टीप मारायची सोय प्रत्येक जुन्या मशीनला नसते. टाक्याचा आकार बदलायला दांडी असेल तर ती वर उचलून उलटं जातं. नुसता पेच असेल तर नाही. शेवटी कापड फिरवून तीन टाके मारायचे, इतकंच.

पायमशीन असेल तर टेबलाखाली वाका. लाकडाला टोकरून वाळवीची पिठी पडते का बघा. पायपट्टा आणि चाक जोडणारा दांडा हलवा, डगडगला तर बुश बदलावं लागेल. चामड्याचा पट्टा तुटका असणारच, त्यावरून भाव कमी करू नका, नवा स्वस्तात मिळतो. मोटर लावलेली असेल तर मी ती हिशोबात धरत नाही. जुन्या वायरवरचं रबर वाकवलं की तडकतं, आणि तडकलेली वायर असेल तर प्लग लावून 'बघू चालतंय का' करूच नका. बाहेरदेशातून आणलेलं असेल तर मोटर ११० व्होल्टची नाही ना, ते तिच्या पट्टीवर वाचा. हातमशीन करायचं असेल तर चाकाला आऱ्या हव्यात, भरीव चाकाला हँडल बसत नाही.

भावाचा माझा हिशोब असा. तशाच घडणीचं नवं साधं काळं मशीन स्टँडसकट केवढ्याला मिळतं ते दुकानात विचारून घ्यायचं. जुन्याची किंमत, मिस्त्रींची मजुरी आणि पट्टा-सुया-रिंग हे सगळं मिळून त्याच्या दोन-तृतीयांशाच्या आत बसलं तर घ्यायचं. माझं सध्याचं, वाय अक्षराचं मशीन आत्याच्या ओळखीतून स्टँडसकट बावीसशेला मिळालं आणि नऊशे दुरुस्तीत गेले. भाव करताना मी दुरुस्तीची यादी कागदावर लिहून विकणाऱ्यापुढे ठेवते. तोंडाने केलेली घासाघीस अपमानासारखी लागते, यादीवर मात्र चर्चा होते. काकू-मावशींकडून घेत असाल तर उलटं धोरण ठेवा. त्यांनी जो भाव सांगितला तो द्या, पण चाचणी तेवढीच कडक करा. "अगं, माझ्या सासूबाईंचं आहे, काय तपासतेस?" असं ऐकायला लागेल, ऐकून घ्या. माझी कुंडी त्याच वाक्याखाली आली.

घरी नेताना डोकं स्टँडवरून वेगळं करा, ते बारा-तेरा किलोचं असतं. चाकाला धरून कधीही उचलू नका, मधल्या बाहूला धरा. रिक्षात आडवं न ठेवता मांडीवर धरलेलं बरं.

पहिल्या दिवशी शिवायला बसू नका. तेलाच्या प्रत्येक भोकात आणि जिथे लोखंडावर लोखंड घासतं तिथे रॉकेलचा थेंब सोडा, चाक हाताने फिरवा, काळं पाणी निघेल ते पुसा. गॅस आणि देवघराच्या समईपासून लांब, खिडकी उघडून. रॉकेल पूर्ण पुसून झाल्यावर मशीनचं पांढरं पातळ तेल घाला, रात्रभर राहू द्या, सकाळी जुन्या चिंधीवर टीप मारत राहा म्हणजे जास्तीचं तेल चिंधी पिऊन घेईल. बाहेरचा काळा रंग मात्र फक्त तेलाच्या बोळ्याने पुसा. त्यावर लाखेचा थर असतो. स्पिरिट, थिनर, अगदी सॅनिटायझरही लागला तर सोनेरी वेल बोळ्यावर उतरून येते. सीतलामाता बाजारातून आणलेल्या नव्या कापडावर पहिल्याच आठवड्यात कात्री चालवू नका, कारण तेलाचे ठिपके चार-आठ दिवस पडतात.

आणि मिस्त्री नवी बॉबिन केस बसवून जुनी "ये तो गई" म्हणून टोपलीत टाकायला लागले तर ती मागून घ्या. हल्लीच्या नकली केस थोड्या सैल बसतात आणि खडखडतात. जुन्या केसची बहुतेक वेळा फक्त ताणाची बारीक पट्टी घाण झालेली असते. पट्टीखालून पोस्टकार्डाचा कोपरा फिरवला की दोऱ्याची भुकटी निघते आणि केस पुन्हा चालते. माझ्या मशीनमध्ये आज तीच आहे, नवी खणात पडून आहे.